बाईंच्या पाठीवरच्या टिकल्या

आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या गोंदाचा वास आला, की मला माझा शाळेचा पहिला दिवस आठवतो. नव्या शिक्षणाधिकारी बाई पहिलीच्या मुलांचं स्वागत करायला आमच्या मराठी शाळेत आल्या होत्या. त्यांच्या खुर्चीवर घालायला आईनं घरी टिकल्या लावलेली निळी साडी दिली होती, पण जूनच्या दमट हवेत तिचा गोंद वाळलाच नव्हता. आम्हाला कुंकू लावून बाई वर्गाकडे वळल्या, तर त्यांच्या पांढऱ्या साडीवर पाठभर टिकल्या लुकलुकत होत्या. "आता पोरीला घेत नाहीत शाळेत," आई पुटपुटली. पण बाईंना सांगायचं कुणी? तोवर आईचा हात न सोडता रडणारी मी मात्र तो हात सोडून, पाण्यातून चालल्यासारखी, त्या हलत्या चांदण्यांमागं निघाले. वर्गाच्या दारात बाईंच्या हाताला एक टिकली लागली. त्यांनी ती पाहिली, आईच्या गोंदाळलेल्या बोटांकडे पाहिलं आणि टिकली माझ्या कुंकवाखाली चिकटवली. "जा बेटा, बेसी जा," जाऊन बस, एवढंच त्या गुजरातीत म्हणाल्या. आता त्याच वर्गाला मी शिकवते. शाळा उघडायच्या दिवशी आई माझ्या पदराला टिकल्या लावते आणि गोंद वाळायच्या आतच मला घराबाहेर काढते.