सूरला पाहण्यासारखं काय आहे?

ओमानमध्ये राहून ओमान न पाहण्याचं कसब मी बरीच वर्षं जोपासलं होतं. वादी कबीर वस्तीतलं घर, कुरुम भागातलं ऑफिस आणि आठवड्याचं सामान भरायचं सुपरमार्केट, एवढाच माझा देश. त्यापलीकडे काय आहे असं कुणी विचारलं, की मी "डोंगर" म्हणायचो. (ते खोटंही नव्हतं.)

तरी आई गुहागरहून आली तेव्हा विमानतळावरच मी तिला ठणकावून सांगितलं, "आता सगळं ओमान दाखवतो तुला." प्रत्यक्षात तिने पाहिली ती आमची गॅलरी. मी आणि माझी बायको वैशाली कामावर, मुलगी ईशा शाळेत. संध्याकाळी ईशा आजीजवळ जाऊन बसायची, पण तिचं मराठी "आजी, तू आज काय केली?" इथेच संपायचं. आणि आजीने काहीच केलेलं नसायचं.

एकदा जेवताना आई म्हणाली, "विनू, माझं तिकीट थोडं आधीचं मिळतं का बघ रे."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. इथे कोणी कोणाकडे जात नाही, येत नाही. समोरचं बंद दार किती वेळ बघायचं?"

तिने तक्रार केली असती, तर मी वाद घातला असता. पण ती शांतपणे पोळी मोडत होती, आणि मला वाटलं, माझ्या इथल्या सगळ्या संसाराला तिने काठावर पास केलंय. शनिवारी सकाळी मी सगळ्यांना गाडीत घातलं आणि अल अमेरातवरून सूरचा रस्ता धरला.

सूर म्हणजे समुद्राकाठचं छोटंसं शहर. ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, "तिथे गलबतं बांधतात ती बघ, दीपगृह बघ आणि खाडीकाठचं जुन्या वस्तूंचं म्युझियम चुकवू नकोस. नक्षीचा मोठा लाकडी दरवाजा आहे." गलबतं पाहिली. दीपगृह लांबून पाहिलं, कारण आईचे गुडघे. मग खाडीकाठच्या गल्लीत मला तो दरवाजा दिसला. नक्षी होती, बाहेर गंजलेला नांगर होता, आणि दार सताड उघडं.

"पाटी कुठाय?" वैशालीने विचारलं.

"छोट्या गावात पाट्या लावत नाहीत."

"कुणाला विचारून तरी घ्या."

विचारणं हा माझा स्वभाव नाही. मी आत शिरलो. अंगणात एक बाई दिसल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, हसल्या, आणि आईचा हात धरून तिला व वैशालीला आतल्या बाजूला घेऊन गेल्या. "बायकांसाठी वेगळा विभाग असेल," मी ईशाला समजावलं. तेवढ्यात पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला माझ्या वयाचा एक माणूस आला.

"टिकट?" मी विचारलं.

तो जरा गोंधळला. मग हिंदीत म्हणाला, "टिकट नहीं. बैठो. कहवा लाता है."

किती आतिथ्यशील म्युझियम! तो आत गेला आणि मी ईशाला बैठकीची खोली दाखवायला लागलो. भिंतीवर खंजीर, कोनाड्यात कॉफीची पितळी भांडी.

"बाबा, म्युझियममध्ये एसीचा रिमोट का आहे?"

"वस्तू खराब होऊ नयेत म्हणून."

कोपऱ्यात लोडाला टेकून म्हाताऱ्या खलाशाचा पुतळा बसवलेला होता. निजवाच्या किल्ल्यातले असे पुतळे मी फोटोत पाहिले होते, पण हा त्यांच्या कितीतरी वरचा. मी वाकून अगदी जवळून पाहिलं. "बघ ईशा, कानातले केससुद्धा लावलेत. याला म्हणतात कारागिरी." मग त्याच्या शेजारी बसलो, खांद्यावर हात टाकला आणि ईशाला फोटो काढायला सांगितलं. खांदा कोमट लागला. मला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय.

"सलाम अलैकुम," पुतळा म्हणाला.

ईशाचा फोन खाली पडला. मी कसा उभा राहिलो ते मला आठवत नाही. कहव्याची सुरई घेऊन दारात आलेला तो माणूस म्हणाला, "मेरा बाबा है."

त्याचं नाव सालेम. ते त्याचं राहतं घर. मी तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं कबूल केलं आणि आता पोलीस येणार असं धरून चाललो. सालेमने ते वडिलांना अरबीत सांगितलं. म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. नंतर सालेम माझ्या हातात खजुराची बशी देत म्हणाला, "बाबा बोलता है, बहुत टाइम के बाद किसी ने उसको इतना ध्यान से देखा."

त्यावर मला हसता आलं नाही. आमच्या गॅलरीत बसलेली आई डोळ्यांसमोर आली.

आत जाऊन पाहिलं, तर आई आणि सालेमची आई एकमेकींना गुडघे दाखवत होत्या. एक मराठीत बोलत होती, एक अरबीत, आणि दोघींचं अडत काहीच नव्हतं. उन्हात वाळत घातलेली मासळी बघून झाली होती, सुनांविषयीही काहीतरी झालं असावं, कारण वैशाली आणि सालेमची बायको गप्प होत्या. जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

परतताना आई गाडीत म्हणाली, "चांगली माणसं आहेत हो तुझी. इतके दिवस का नाही आणलंस?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. वैशालीने मागून माझ्या खांद्याला चिमटा काढला. मी तोंड मिटलं.

तिकिटाचा विषय आईने पुन्हा काढला नाही. ठरलेल्या दिवशीच ती परत गेली. आता गुहागरात ती येईल-जाईल त्याला सांगते, "आमच्या विनूला तिथे कोणी परकं मानत नाही. कुणाच्याही घरात तो न विचारता शिरतो."