नीटकाकांची लाल लेबलं

आमच्या पेठेतल्या औषधवाल्याला सगळे नीटकाका म्हणायचे. त्यांच्या फळीवरच्या बाटल्या कवायतीला उभ्या असाव्यात तशा. सकाळचं तिरपं ऊन त्यांच्यावर पडलं की सगळं दुकान मधाच्या रंगाचं व्हायचं, आणि काका दारात उभं राहून, आलेलं गिऱ्हाईक विसरून, ते बघत राहायचे.

मग नवा नियम आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांवर तसं सांगणारं लाल लेबल हवं. जुना माल लगेच फेकायचा नव्हता. काही महिने त्यावर लाल लेबल चिकटवून तो विकायची मुभा होती. चुकलं, तर परवाना जाणार.

काकांनी घरी खळ शिजवली आणि एकूण एक बाटलीवर लेबल लावलं. अगदी मधोमध. एक सुरकुती नाही.

तपासणीला आलेल्या बाईंनी एक बाटली उचलून फिरवली. "छान. औषधाची मुदत कुठं लिहिलीय?"

"लेबलाखाली," काका ऐटीत म्हणाले.

"मग गिऱ्हाइकानं ती वाचायची कशी?"

गल्ल्यावरून काकू म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, जरा बाजूला लावा. तर म्हणे, वाकडं दिसतं!"

"संध्याकाळी परत येते," बाई म्हणाल्या. "मुदत दिसली नाही तर परवाना काढून घ्यावा लागेल."

काकांनी बाटल्या कोमट पाण्याच्या टबात बुडवल्या. लाल लेबल सुटलं. त्याच्या गळ्यात गळा घालून खालचं जुनंही सुटलं. काकांनी त्या उघड्याबोडक्या बाटल्या पुसून चकचकीत केल्या आणि पुन्हा रांगेत मांडल्या.

बाई आल्या. "हे काय आहे?"

"खोकल्याचं."

"आणि हे?"

"पित्ताचं. वास घेऊन बघा ना. माझा शब्द आहे, बाई."

"यांचा शब्द मी लग्नापासून ऐकतेय," काकू म्हणाल्या. "भांडी घासू लागेन म्हणाले होते."

बाईंनी वास घेतला नाही. "या बाटल्या आत्ता माझ्या ताब्यात द्या, नाहीतर परवाना द्या."

काका फळीला हात लावून उभेच राहिले. शेवटी काकूंनी खोकं ओढलं आणि बाटल्या भराभर आत टाकायला सुरुवात केली. भिंतीवरचा परवाना भिंतीवर राहिला.

"अगं," काका कळवळून म्हणाले, "निदान तोंडं तरी एका दिशेला ठेव."