आधी दुःख सांगा, विनोद नंतर बघू

लोणावळ्याच्या एका हॉटेलात टीव्हीच्या कार्यक्रमासाठी विनोदी कलाकारांची निवड होती. भाजे गावाहून आम्ही दोघे गेलो, मी आणि माझा जोडीदार. गावच्या जत्रेत आमची बतावणी असते. तो सोंगाड्या. तो एक वाक्य बोलून थांबणार, मी ‘मग?’ म्हणणार, आणि पुढच्या वाक्याला तो हशा घेणार. माझ्या कलेचा पसारा एवढाच, एक शब्द. तोही अधूनमधून चुकीच्या जागी पडतो.

त्याला हा कार्यक्रम हवाच होता. गवंडीकामात गुडघे गेले, आता परांचीवर चढवत नाही. आणि आमच्या मावळात तिकोणा पेठेपासून उर्शापर्यंत त्याच्यासारखा हसवणारा दुसरा नाही. त्याच्या तोंडावर हे मी मेलो तरी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहितो.

आत एक बाई आणि एक तरुण बसले होते. बाई म्हणाल्या, “विनोद नंतर बघू. आधी तुमचा संघर्ष सांगा.”

माझी पंचाईत झाली. दोन वेळा पोटभर जेवलेला, बापानं लाड केलेला माणूस मी. म्हणालो, “एकदा म्हशीनं ढुशी मारली होती.” तरुणानं ते लिहूनही घेतलं नाही.

मग जोडीदाराची पाळी. तो जरा घुटमळला. “तसं काय न्हाई वो मॅडम. बायको वारली, तेवढंच.” आणि थांबला.

आता, तो ज्या जागी थांबला ती जागा माझ्या हाडात मुरलेली. तोंडून निघूनच गेलं, “मग?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण सवय त्याच्याही हाडात. “आजारी व्हती. पुन्याला न्हेली.”

“मग?” जीभ हासडून टाकावीशी वाटली, पण शब्द केव्हाच बाहेर पडला होता.

“मग माघारी न्हाई आली.”

बाईंचे डोळे चमकले. पाणी नव्हतं त्यांत, नुसती चमक. “हेच हवंय! एवढं सोसलंय म्हणून तर विनोद येतो. स्टेजवर आधी हे सांगायचं, मागे ताईंचा फोटो लावू, मग विनोद.”

माझं डोकं फिरलं. सोसलं म्हणून? चौथीत असताना गुरुजींच्या चालण्याची नक्कल करून त्यानं खुद्द गुरुजींना हसवलं, तेव्हा कसलं सोसणं होतं? उलट बायको गेली आणि वर्षभर ह्या माणसाला विनोद सुचला नाही. त्या वर्षीच्या जत्रेत मी एकटा उभा राहिलो. स्वतःच बोललो आणि स्वतःलाच ‘मग?’ विचारलं. माणसं उठून कुस्त्या बघायला गेली. सोसून विनोद येत असता तर धरणात आणि एक्स्प्रेसवेत जमिनी गेलेल्या अख्ख्या मावळानं आज तिकीट लावून खेळ केले असते!

हे ठणकावून सांगायला मी तावातावानं उठलो आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाईंच्या मोबाईलवर सांडला. माझी बंडं अशीच होतात. दुसऱ्याचा मोबाईल उपरण्यानं पुसत पुसत कुणावर ओरडता येत नाही.

शेवटी जोडीदारच बोलला. “मॅडम, बायकोचं सोडून काय बी करून दावतो. बतावणी बगा आमची. हसू न्हाई आलं तर हाकलून द्या.”

“पण मग तुमच्यात वेगळं काय राहिलं?” तरुण म्हणाला, आणि त्यानं पुढच्याला हाक मारली. हसू येतंय का, एवढंसुद्धा त्यांना बघावंसं वाटलं नाही.

परतताना तो मोटारसायकलवर माझ्या मागे बसला होता. कार्ला फाटा आला तसं मी म्हणालो, “चुकलं रे माझं.”

“तुजं बरुबर कवा आलंय?” तो म्हणाला. आणि पुढे आपणच बोलायला लागला. “ती म्होरं बसायची बायकांत. घरी आल्यावर सांगायची, हितं लांबवलंत, तितं घाई केलीत. लोकं हसली आन् ती न्हाई हसली, तर मी त्ये काढूनच टाकायचो. सगळं तिनं घासूनपुसून दिल्यालं हाय रं. आन् ह्ये म्हन्त्यात, ती मेली म्हनून जमतंय.”

तिथूनच गाडी वळवून हे त्या बाईंना ऐकवावं असं मनात आलं. वळवली नाही. त्यांनी हेही स्टेजवर सांगायला लावलं असतं, मागे फोटो लावून.