महावेगाला बहीण देणाऱ्या सुमनताई

सुमनताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी औरंगपुऱ्याच्या मंडईत मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. फोन त्यांच्या भाचीचा. "सर, आत्या गेली... सकाळी चहा पिता पिता." मी म्हणालो, "बरं." आता 'बरं' हा काय शब्द झाला? पण तोंडातून तोच निघाला. मेथी घेतली, स्कूटरपाशी आलो, आणि एकदम आठवलं... आमच्या मालिकेत वाईट बातमी ऐकल्यावर मी आभाळाकडे बघून "नाहीऽऽ" असं ओरडायचो, ते सुमनताईंनी लाल पेनानं खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'बरं'. मी भांडलो तर म्हणाल्या, "सर, खरी वाईट बातमी आली की माणूस वरडत नाय. बरं म्हनतो अन् तसाच उभा ऱ्हातो." मी स्कूटरपाशी तसाच उभा होतो. मग मात्र रडलो, मेथीची पिशवी हातात धरून, भर मंडईत.

आज चाळिशी ओलांडलेल्या संभाजीनगरकरांना 'महावेग' म्हटलं की डोळ्यापुढं एक उंच, मिशीवाला माणूस येतो. जांभळ्या साटिनचा झगा आणि चंदेरी रंगानं रंगवलेले गमबूट. तो माणूस मी. तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं, घराघरात केबल नुकती शिरली होती, आणि आमच्या भागातल्या केबलवाल्या शेठनं दर रविवारी सकाळी स्वतःची मालिका दाखवायची टूम काढली. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, हौशी नाटकांत कामं करायचो, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश असायचो. मालिका लिहिली मी, पोशाख काढला मी, नायकही मीच. महावेगाची शक्ती म्हणजे वाऱ्यासारखं पळणं, कारण टेप जोरात फिरवली की ते फुकटात दिसायचं. त्याचा शत्रू काळधूर, शहरभर काळा धूर सोडणारा. ते काम करायचे सिटी चौकाजवळचे चष्म्याचे दुकानदार अन्वरभाई. पहिले आठ भाग मी पळालो, त्यांनी धूर सोडला, मी त्यांना बदडलं. दर रविवारी तेच. लोक हसायचे, आणि ज्या जागी हसायला नको तिथंच नेमके हसायचे. सोमवारी वर्गात गेलो की फळ्यावर गमबुटाचं चित्र काढलेलं असायचं, तेही माझ्याकडूनच शिकलेल्या छायाप्रकाशासकट. गुलमंडीत कुणी पाठीमागून "पळा सर!" म्हणून ओरडायचं. बायकोनं माझ्याबरोबर बाजारात यायचं बंद केलं. शेवटी शेठ म्हणाले, "सर, अजून चार भाग देतो. नाही जमलं तर त्या वेळात गाणी लावतो."

त्याच आठवड्यात मी मुलीचं नाव रेशनकार्डावर वाढवायला पुरवठा कचेरीत गेलो होतो. खिडकीत सुमनताई बसल्या होत्या. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातल्या, अडतिशीच्या, चापूनचोपून नेसलेली साडी आणि चष्म्यावरून बघायची सवय. माझा अर्ज घेतला, मला वरखाली बघितलं. "केबलवर पळतात ते तुमीच ना?" रांगेत खसखस पिकली. मी मान हलवली. मुलीचं नाव कार्डावर लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "सर, त्या महावेगाच्या घरी कोन कोन असतं?"

"कुणी नाही. तो महावेग आहे."

"आसं कसं? मग जेवतो कुठं? रॉकेल कोन आनतं? पळतो लई, पन त्याला पोचायचं कुठं असतं?"

मला राग आला. घरी येईपर्यंत तो टिकला, जेवताना कमी झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या भागाची वही घेऊन पुन्हा त्याच खिडकीपुढं उभा राहिलो. हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत शहाणपणाचं काम.

सुमनताईंची पद्धत साधी होती. त्यांनी मला कोरे कागद आणायला लावले आणि त्यावर आमच्या मालिकेतल्या एकेका माणसाचं रेशनकार्ड तयार करायला घेतलं. कुटुंबप्रमुख कोण, घरात किती माणसं, कुणाचं वय काय, कोण कुणाचं कोण लागतं. "सर, बारा वर्सं झाली ह्या खिडकीत. मानूस समजून घ्यायला मला ह्याच्याहून जास्त कायी लागत नाय. कुनाचं नाव वाढवायला मानूस हसत येतो, कुनाचं कमी करायला मान खाली घालून येतो... त्यातच सगळी गोष्ट असती." महावेगाच्या कार्डावर त्यांनी एक बहीण लिहिली, सासरहून परत आलेली. काळधुराच्या कार्डावर एक अंथरुणाला खिळलेली आई. अन्वरभाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दुकानातच टाळी वाजवली. "वा आपा! आठ हफ्ते से मैं सिर्फ धुआँ छोड़ रहा हूँ. अब मेरे कू भी घर मिल गया!"

बहिणीच्या कामाला बाई मिळेना. सुमनताई कॅमेऱ्यापुढं यायला साफ नाही म्हणाल्या. मग असं ठरलं की बहीण दिसणारच नाही, स्वयंपाकघरातून फक्त तिचा आवाज येईल, आणि तो आवाज सुमनताईंचा. नवव्या भागात महावेग शहर वाचवून ऐटीत घरी येतो, झगा खुंटीला लावतो, आणि आतून आवाज येतो, "आला का? सगळ्या गावाला वाचवलं, अन् स्टोत रॉकेलचा थेंब नाय. चहा कशावर करू, तुझ्या मिशीवर?" त्या रविवारी लोक हसले, पण पहिल्यांदाच आमच्याबरोबर हसले. दहाव्या भागात काळधूर आईला भाकरी कुस्करून भरवतो आणि मग धूर सोडायला निघतो. मारामारी पूर्वीचीच होती, तीच गल्ली, तेच खोटे ठोसे. पण आता मी अन्वरभाईंना ठोसा मारला की तो बघणाऱ्यांनाच लागायचा, कारण त्या माणसाची घरी कुणीतरी वाट बघतंय हे त्यांना ठाऊक होतं. वेग वाढवून जे मला आठ भागांत जमलं नव्हतं, ते सुमनताईंनी मला घरी बसवून करून दाखवलं. फळ्यावरचं चित्रही बदललं. आता बुटाशेजारी एक स्टो असायचा.

तरी शेठचं समाधान होईना. बारावा भाग दणदणीत हवा, म्हणाले, त्यावर मालिका चालायची की थांबायची ते ठरवू. मी मोठ्या लढाईची तयारी केली, आणि सुमनताईंनी लिहून आणलं ते असं : बहिणीचं नाव कार्डावर वाढवायला महावेग रांगेत उभा आहे. खिडकी दोनला बंद होणार. माझं डोकंच फिरलं. "अहो ताई, जगातला सगळ्यांत वेगवान माणूस रांगेत उभा करता? एका झेपेत पुढं जाईल तो!"

"जाईल की. पन जात नाय. म्हनून तर तो चांगला मानूस."

मी ऐकेना. आवाज चढवला, काहीबाही बोललो. मग त्या कागदांची घडी करत म्हणाल्या, "सर, मला गंगापूरला दिलतं. तीन वर्सांत माघारी आले. सासरच्यांनी त्यांच्या कार्डावरनं माझं नाव कमी करून घेतलं. भावाच्या कार्डावर वाढवाया गेले तर वहिनी म्हनली, घाई काय, चार दिवसांनी जाल की परत... ते चार दिवस अजून चालूच हायेत. येगळं कार्ड काढावं तर आपल्याच हापिसात आपलाच अर्ज कुन्या तोंडानं द्यायचा? रोज ढीगभर लोकांची नावं लिवते. माझं कुठंच लिवलेलं नाय." एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, चहा घेता का. मी म्हणालो, "बरं."

शाळेच्या मैदानात, एका रविवारी दुपारी आम्ही ती रांग उभी केली. आसपासची माणसं बोलावली, फुलंब्रीहून सुमनताईंच्या नात्यातली चारदोन आली. प्रसंग असा : महावेगाच्या पुढं आठ माणसं उरली आहेत आणि पैठण गेटकडं काळा धूर दिसतो. जावं तर नंबर जातो, न जावं तर शहर गुदमरतं. शेवटी तो आपल्याकडच्या कुणीही केलं असतं तेच करतो. एक चंदेरी गमबूट काढतो, रांगेत आपल्या जागी ठेवतो आणि एका पायात बूट घालून पळत सुटतो. मी पळालो. कॅमेरा रांगेवरच राहिला, आणि मी वळसा घालून कॅमेऱ्यामागं सुमनताईंपाशी येऊन उभा राहिलो. रांग सरकली, आणि मागं उभ्या असलेल्या एका म्हातारीनं, कुणी सांगितलेलं नसताना, तो बूट दोन्ही हातांनी उचलून एक पाऊल पुढं ठेवला. पुन्हा रांग सरकली, पुन्हा तिनं बूट पुढं ठेवला. सुमनताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

काळधुराशी झालेली शेवटची लढाई मिनिटभराची. मी मानगूट पकडतो, आणि अन्वरभाई म्हणतात, "मारना है तो जल्दी मार भाई, अम्मी के दवा का टाइम हो गया." मी म्हणतो, "माझीपण खिडकी दोनला बंद होते!" मग महावेग त्याला पाठीवर घेऊन आईपाशी पोचवतो आणि धापा टाकत परत येतो. बूट खिडकीपाशी पोचलेला असतो. आतला कारकून विचारतो, "बहिणीचं नाव?" वहीत लिहिलेलं नाव होतं शांता. मी म्हणालो, "सुमन."

का म्हणालो, ते आजही नीट सांगता येणार नाही. ठरवून नव्हतं. सुमनताई उठल्या, पर्स घेतली आणि कुणाशी न बोलता रिक्षानं निघून गेल्या. मी आठवडाभर तळमळत होतो. ज्या बाईनं आपलं दुखणं विश्वासानं सांगितलं, तिचं नाव मी गावभर करून टाकलं होतं. ते वाक्य कापायला शेठकडं गेलो, तर शेठ म्हणाले, "टेपला हात लावायचा नाही."

रविवारी भाग लागला. बूट पहिल्यांदा पुढं सरकला तेव्हा आमच्या चाळीत शिट्ट्या वाजल्या. तिसऱ्यांदा सरकला तेव्हा समोरच्या, शेजारच्या, मागच्या गल्लीतूनही त्या ऐकू आल्या. आणि मी "सुमन" म्हणालो तेव्हा सगळीकडं एकदम टाळ्या पडल्या. बायको रडत होती. दुपारी तिनंच मला गुलमंडीत नेलं आणि ओळखीच्या माणसांपुढं मुद्दाम हळूहळू चालली. शेठचा निरोप आला की मालिका चालू ठेवा, पाहिजे तितकी. पुढं ती दीड वर्षं चालली.

सोमवारी सुट्टी टाकून मी कचेरीत गेलो, पाय धरून माफी मागायची म्हणून. फाटकापाशीच थबकलो. सुमनताईंच्या खिडकीपासून रांग निघाली होती ती थेट पिंपळाच्या पारापर्यंत, आणि रांगेत सगळ्या बायका. कडेवर लेकरं, हातात अर्ज. एकीला विचारलं तर म्हणाली, "काल शिरेलीत दावलं ना, तसं कार्ड पायजे. मह्या नवऱ्यानं टाकलंय मला. हितल्या खिडकीतल्या बाईचा आवाज तोच हाय, नाव बी तेच हाय. ती करून देती." मी पुढं जाऊन खिडकीत डोकावलो. सुमनताई दिसेनात. त्यांच्या खुर्चीवर चव्हाण नावाचे कारकून बसले होते, घामाघूम झालेले.

"ताई कुठायत?"

चव्हाणांनी पेनानं बाहेर, रांगेकडं बोट केलं. पाराच्या खाली, सगळ्यांत शेवटी सुमनताई उभ्या होत्या. सकाळभर बायकांचे अर्ज घेतले होते त्यांनी, आणि मग चव्हाणांना खुर्चीवर बसवून स्वतः बाहेर आल्या होत्या. हातात अर्ज. मला बघून म्हणाल्या, "लई राग आलता तुमचा." मी खाली मान घातली. "मग काल ऐकलं मी माझं नाव. येवढ्या मोठ्यानं कुनी घेतलंच नव्हतं, सर." चव्हाण खिडकीतून ओरडत होते, "ताई, तुम्ही कशाला उभ्या राहता, आत या की!" त्यांनी नुसता हात हलवला. आम्ही दोघं रांगेबरोबर सरकत राहिलो. दीड तास लागला. त्या दीड तासात पुढच्या चार भागांची गोष्ट ठरली.

मागच्या आठवड्यात त्यांच्या सिडकोतल्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, नीट आवरलेल्या. भाचीनं कपाटातून ते कार्ड काढून दाखवलं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. त्या दिवशी खिडकीपाशी पोचल्यावर चव्हाणांनी कार्ड आणि पेन दोन्ही बाहेर सरकवलं होतं आणि म्हणाले होते, "ताई, तुमच्या हातानंच लिहा, अक्षर तुमचं चांगलं." मी शेजारी उभा होतो. पहिल्या ओळीत त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग वय. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं... कुटुंबप्रमुखाशी नाते. तिथं त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, हसल्या, आणि टपोऱ्या अक्षरांत, रकान्याच्या बाहेर जाईल इतकं मोठं लिहिलं : स्वतः.