होडीचा वाटा

आधीच सांगतो, मी मूळचा सिन्नरचा. आमच्या घराण्यात कुणी समुद्र पाहिला नव्हता, आणि मी पोटासाठी येऊन पडलो तो थेट अल रुवैसच्या धक्क्यावर, मासेमारांना बर्फ विकायला. कतारच्या पार उत्तरेच्या टोकाचं हे बंदर. पहिल्या महिन्यात त्या वासानं मला जेवण जाईना. तेव्हा ज्या माणसानं मला खेकसून ताटावर बसवलं, तो अबूबकर सोलकर.

"अरे, बर्फ विकतोस आणि मासा खात नायस? मग काय बर्फ चावून जगणार?" असं म्हणून त्यानं माझ्यापुढे भात आणि तिखट कालवण ठेवलं. मी माळकरी आईचा मुलगा. पण त्या दिवशी खाल्लं, आणि त्यानंतर कधी मागे वळून पाहिलं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

अबूभाई हर्णैच्या बाजूचे, दालदी मासेमारांच्या घरातले. महमूद नावाच्या कतरी मालकाच्या लाँचवर ते नोखदा होते. लाँच म्हणजे इथली मोठी लाकडी होडी, आणि नोखदा म्हणजे आपल्या कोकणातला नाखवा. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा. अबूभाईंची साठी जवळ आली होती, पण आवाज असा की धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसानं निमूट विडी विझवावी.

त्यांच्या शिव्या फक्त दोन गोष्टींसाठी राखलेल्या असत. पहिली म्हणजे लहान हामूर. हामूर म्हणजे आपल्याकडचं हेकरू, खडकात राहणारा मोठा मासा. इथल्या लोकांचा जीव की प्राण. तारेच्या पिंजऱ्यात ते सापडतं, आणि पिंजऱ्याला काय कळतं लहान-मोठं? अबूभाई पिंजरा वर आला की स्वतः हात घालून पिल्लं परत पाण्यात सोडायचे. एकदा त्यांचा खलाशी रहमान एक पिल्लू टोपलीत तसंच ठेवून धक्क्यापर्यंत आला. अबूभाईंनी सगळ्यांदेखत त्याची अशी काही हजेरी घेतली की बाजूच्या लाँचवरची बंगाली पोरं, ज्यांना कोकणी शिव्यांतलं अक्षर कळत नव्हतं, तीसुद्धा खाली माना घालून उभी राहिली. रहमान रत्नागिरीकडचाच, त्याला अक्षर न् अक्षर कळलं. त्यानंतर त्याच्या टोपलीत पिल्लू दिसलं नाही.

दुसरी गोष्ट वाट्यांची. लाँच धक्क्याला लागली, लिलावाचा माल निघाला, की खलाशांच्या कालवणाचे मासे बाजूला काढायचे. अबूभाई गोणपाट अंथरायचे आणि त्यावर ढीग मांडायचे. लाँचवर जितकी माणसं तितके ढीग, सगळे सारखे. नोखद्याचा जरासुद्धा मोठा नाही. त्या सगळ्यांच्या आधी होडीचा वाटा. तो मालकाच्या घरी जायचा. आणि सगळ्यात शेवटी एक ढीग जो आला नाही त्याचा. कुणी तापानं पडलेला असेल, कुणाचा हात कापला असेल, त्याच्या खोलीवर तो पोचवायचा. कुणी ढीग मांडायचा क्रम चुकवला की पुन्हा शिव्या.

मी एकदा चिडवलं, "अबूभाई, महमूदच्या घरी काय माशांना तोटा आहे? त्याला कशाला कालवण?"

"मालकाला नाय देत, होडीला देतो," ते म्हणाले. "तिनं नेलं, तिनं आणलं. तिला उपाशी ठेवून उद्या तिच्यावर बसू कसा?" मग म्हणाले, "माझा बाप अंथरुणावर होता, मधु. दोन पावसाळे. तेवा हर्णैला रोज आमच्या दारात असा वाटा यायचा. त्यावर मी वाढलो. आता हात आखडू?"

 मी पुन्हा बर्फ फोडायला लागलो.

ही गोष्ट घडली ती शेजारच्या देशांनी कतारची नाकेबंदी केली त्याच्या पुढच्या वर्षी. वर्ल्ड कपच्या नावानं सगळा देश खणून ठेवला होता. स्टेडियमवर आलेले इंजिनिअर, मॅनेजर यांची गर्दी वाढली, आणि शुक्रवारी ही मंडळी गळ घेऊन समुद्रावर धावू लागली. पांढऱ्या चकचकीत बोटी, डोक्यावर टोप्या, हातात महागाचे रॉड. लाँचवाल्यांच्या पोटात दुखू लागलं. त्यांचं म्हणणं, आमच्या पिंजऱ्यांना मर्यादा, आमच्या दिवसांना मर्यादा, अमुक मासा अमुक दिवसांत धरायचा नाही, आणि हे हौशे येऊन आमच्या खडकावरचं हामूर उचलतात. हौशी लोक म्हणत, आम्ही दोन-चार मासे घरी खायला नेतो, समुद्र रिकामा केलात तुम्ही. धक्क्यावर रोज हाच वाद. खरं सांगू, दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

नियम मात्र स्पष्ट होता. हौसेच्या बोटीनं घरी खाण्यापुरतं धरायचं; त्यातलं शेपूटसुद्धा व्यापारात जाता कामा नये. काही लाँचवाले आपली मर्यादा संपली की हौसेच्या बोटीतून जास्तीचा माल आणतात अशी कुजबुज होती, म्हणून मासेमारी खात्याची माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली.

अबूभाई या भांडणात पडत नसत. "समुद्रात त्यांचापण वाटा हाय," म्हणायचे. "दोघांनी पोटापुरतं घेतलं तर पुरेल." त्यांचं एकच गणित होतं. वर्ल्ड कप होईपर्यंत लाँचवर राहायचं, मग खलास, हर्णैला बायकोकडे, सुरय्याभाभीकडे घरी. तोवर समुद्र सुटू नये एवढीच इच्छा. खात्यानं दिलेलं नोखद्याचं कार्ड ते गळ्यातल्या पिशवीत ठेवायचे. ते कार्ड आहे तोवर समुद्र, नाहीतर जमीन.

त्या हौशांतलाच एक मिहीर. मूळ पुण्याचा, राहायला दोह्यात अल नस्रला, एका स्टेडियमच्या कामावर इंजिनिअर. पोरगा गोड, जरा बडबड्या. महमूदची एक हौसेची बोटही होती, ती मिहीर आणि त्याचे दोन मित्र शुक्रवारी न्यायचे. अबूभाईंना शुक्रवारी सुट्टी. मिहीर मागे लागला, "काका, एकदा चला ना आमच्याबरोबर, नुसतं बसा." अबूभाई हसले आणि गेले. सुट्टीच्या दिवशीही समुद्रावरच जायचं, दुसरं सुचतंय कुठे त्या माणसाला!

दुपार कलताना परत आले. मी बर्फाची गाडी घेऊन धक्क्यावरच होतो. तिघं पोरं खुशीत होती. अबूभाईंनी जागा दाखवली होती, गळाला चांगली हामूर लागली होती. बोट बांधली, आणि अबूभाईंनी काय करावं? गोणपाट अंथरलं आणि ढीग मांडायला बसले.

अहो, हौसेच्या बोटीचे मासे आइसबॉक्समध्ये घालून गाडीत टाकायचे असतात! धक्क्यावर ढीग मांडले म्हणजे विकायला बसले असाच अर्थ होतो. मी ओरडणार तेवढ्यात एक इजिप्शियन गृहस्थ वाकून विचारतसुद्धा होता, "बिकम?" केवढ्याला? आणि त्याच्या मागे खात्याचा इन्स्पेक्टर उभा.

इन्स्पेक्टर वयस्कर होता, बोलायला सभ्य. मिहीर पुढे झाला, इंग्लिशमध्ये म्हणाला, "सर, सगळं आमचंच आहे, घरी नेण्यासाठी." इन्स्पेक्टरनं मान डोलावली. निघालाच होता तो. मग त्याची नजर ढिगांवर गेली.

"चार माणसं," तो अबूभाईंना अरबीत म्हणाला. "ढीग सहा. हे दोन कुणाचे?"

मिहीर मराठीत पुटपुटला, "काका, माझे म्हणून सांगा."

मीही म्हटलं, "अबूभाई, त्याचे म्हणा आणि मोकळे व्हा!"

अबूभाईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा रहमानचा. तो आमच्या लाँचवर खलाशी. तारेनं हात फाटलाय, खोलीवर पडलाय." मग पहिल्या ढिगावर हात ठेवला. "आणि हा होडीचा."

"हौसेची बोट मासे खाते?" इन्स्पेक्टरनं विचारलं. दोघं-चौघं हसले. तो स्वतः हसला नाही. "हा वाटा जातो कुठे?"

"मालकाकडे. महमूदकडे."

"मासळीचा व्यापारी महमूद?"

"होय."

झालं. लाँचचा नोखदा, हौसेची बोट, एक ढीग मासळीच्या व्यापाऱ्याला आणि एक लाँचच्या खलाशाला. जो संशय खात्याला महिनोन्महिने होता, तो अबूभाईंनी आपल्या हातानं गोणपाटावर मांडून दाखवला. मासे जप्त झाले. इन्स्पेक्टरनं हात पुढे केला, आणि अबूभाईंनी गळ्यातली पिशवी उघडून कार्ड दिलं.

मी त्या दिवशी त्यांच्यावर असा भडकलो की विचारू नका. "एक शब्द खोटा बोलला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं? तुमचं समुद्रावर जाणं गेलं की हो!"

"होडीच्या वाट्यावर खोटा बोलू?" एवढंच म्हणाले. पण गळ्यातली रिकामी पिशवी पुन्हा पुन्हा चाचपत होते. घाबरले होते ते. मी त्यांना त्याआधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मिहीरला बोल लावावा म्हटलं तर तीही सोय नाही. पोरगा दोह्याहून पुन्हा पुन्हा गाडी हाकत आला, खात्यात जबाब दिला, मासे आम्ही धरले, काका पाहुणे होते, सगळं सांगितलं. महमूदही जाऊन आला. इन्स्पेक्टरनं सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. अबूभाईंनी विकलं नाही हे त्यालाही पटलं असावं. पण नियम म्हणजे नियम, मासे व्यापाऱ्याकडे निघाले होते हे अबूभाई स्वतःच बोलून बसलेले. मिहीरला ताकीद मिळाली. अबूभाईंना दंड नाही, तुरुंग नाही. फक्त कार्ड परत मिळणार नाही. वय झालंच आहे, किनाऱ्यावरचं काम बघा, असं सांगितलं.

आता कुणावर चिडू? चिडायला एक माणूस धड सापडेना, त्यानं माझं डोकं आणखी फिरलं.

महमूदनं त्यांना हाकललं नाही. धक्क्यामागच्या शेडमध्ये मोडके पिंजरे विणायचं काम दिलं. लाँचवर नोखदा म्हणून रहमान चढला. सुरय्याभाभी फोनवर म्हणायच्या, "आता तरी घरी या." हे म्हणायचे, "वर्ल्ड कप होऊ दे, येतो." कार्ड गेल्याचं भाभींना सांगितलंच नव्हतं. शेडचं तोंड समुद्राकडे होतं. लाँच दिसायच्या आधी त्यांना तिच्या इंजिनचा आवाज यायचा, आणि तार तशीच हातात धरून ते उठून उभे राहायचे.

रहमानच्या हाताखालची पहिली लांबची फेरी. लाँच लागली, माल लिलावाला गेला. रहमाननं गोणपाट अंथरलं. होडीचा वाटा आधी काढला. मग माणसांचे. मग त्यानं शेडकडे पाहिलं आणि शेवटचा ढीग मांडला. यावेळी आजारी कुणी नव्हतं. तो कुणाचा, हे सगळ्यांना कळलं होतं.

अबूभाई आले. नाखवा झाल्यापासून हा ढीग त्यांनी मांडला होता, उचलला नव्हता.  त्यांनी खाली बसून मासे पिशवीत भरायला सुरुवात केली, आणि मध्येच त्यांचा हात थांबला.

ढिगात एक लहान हामूर होतं. वीतभरसुद्धा नाही.

रहमानचा चेहरा पांढराफटक पडला. "चाचा, गडबडीत... पिंजरे लई होते..." तो दोन पावलं मागे सरकला. खलाशांनी माना खाली घातल्या. सगळा धक्का वाट बघत होता. मीसुद्धा. खरं सांगतो, त्या आवाजासाठी माझे कान तहानलेले होते.

अबूभाईंनी ते पिल्लू तळहातावर घेतलं, अंगठ्यानं त्याची पाठ पुसली, पिशवीत घातलं. "शुक्रन," असे अरबीत आभार मानले आणि उठले.

मी शेडपर्यंत त्यांच्या मागे गेलो. "अबूभाई, काय हे? गप्प बसलात? एक सणसणीत शिवी द्या ना त्याला! द्या हो!"

त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली, बर्फ घालायला.

"तो नाखवा हाय आता, मधु," ते म्हणाले. "नाखव्याला किनाऱ्यावरच्या माणसानं शिवी द्यायची नसते."

मी पिशवीत बर्फ घातला. त्यांनी तोंड बांधून ती बाजूला ठेवली आणि पिंजरा विणायला घेतला.