विहिरीतलं लाल औषध

पटकीची साथ आली तेव्हा मी लग्न होऊन नेवाशाजवळच्या एका खेड्यात नुकतीच आले होते. लोकल बोर्डाच्या माणसानं जंतू मारायचं औषध गावच्या विहिरीत टाकलं आणि पाणी लालभडक झालं. "असलं रगतासारखं पानी देवाला घालू व्हय?" सासूबाई कडाडल्या. साऱ्या गावाचं तेच म्हणणं. बोर्डाच्या माणसाचं कोण ऐकतंय! बैल जुंपून, मोट हाकून, नितळ पाणी लागेपर्यंत विहीर उपसली. त्या पाण्यानं सासूबाईंनी देव धुतले आणि सगळ्यांच्या हातावर तीर्थ घातलं.

आधी माझा दीर गेला. मग सासूबाई पडल्या. सारखं पाणी मागायच्या. त्याच विहिरीचं पाजत होते; दुसरं होतं कुठं? तांब्याचा तळ लख्ख दिसायचा.