छत्री घेतलीत का

आमच्या घरात मावशीला सगळे हट्टी म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. मी मात्र कौतुकानेच म्हणते. रेडिओ, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला. दुकान खाली, घर वर.

तिच्या नवऱ्याला, आमच्या काकांना, विसर पडायला लागला, तसे ते दार उघडून निघायचे आणि भलत्याच रस्त्याला लागायचे. एकदा बसस्टँडवर सापडले, पायात एकच चप्पल. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, म्हणाला, "आई, मी बाबांसाठी वृद्धाश्रमात जागा बघतोय."

मावशीने हातातल्या मिक्सरवरून नजर हलवली नाही. "माझ्या नवऱ्याचं काय करायचं ते मी बघीन."

मग तिने तो कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर कसला, काडेपेटीहून जरा मोठी हिरवी पट्टी, चपलांच्या जोडापेक्षा स्वस्त. साबणाच्या डबीत बसवला, स्पीकर जोडला, दाराला चुंबक लावलं. दार उघडलं की खाली दुकानात घंटा वाजणार आणि वर डबी बोलणार. दादा हसला. "या वयात खेळणी?" मला असा राग आला! लहानपणी याची मोडकी खेळणी कोण जोडून देत होतं?

पहिल्याच दिवशी फजिती झाली. मावशीने डबीत गोड आवाजात भरलं होतं, "कृपया थांबा." काकांनी डबीला नमस्कार केला, "येतो हं," म्हणाले आणि चालू पडले. घंटा ऐकून मावशी धावली, म्हणून कोपऱ्यावर तरी सापडले.

चूक तिच्या लक्षात आली. उभ्या जन्मात ती काकांशी इतकं गोड बोलली नव्हती. पूर्वी बापलेक बाहेर निघाले की ती स्वयंपाकघरातून छत्रीसाठी ओरडायची आणि दोघे निमूट मागे फिरायचे. तिने तेच ओरडणं डबीत भरलं. काका वळले. छत्री ती रोज नव्या जागी लपवायची. ते शोधत बसले की तेवढ्यात ती जिना चढून यायची.

दादाला हे पटेना. "डबीच्या भरवशावर माणूस ठेवतात का?" एका सकाळी तो बॅग घेऊनच आला. "आई, आज नेतोय."

"ने, जमलं तर," मावशी म्हणाली आणि दुकानातच बसून राहिली.

मी वर काकांजवळ होते. दादाने त्यांचे कपडे भरले, एका हातात बॅग आणि दुसऱ्यात त्यांचा हात धरून दार उघडलं.

"अहो, कुठे निघालात? छत्री घेतलीत का?"

काकांनी हात सोडवून घेतला आणि कपाटामागे बघायला लागले. दादाने बॅग खाली ठेवली, पलंगाखाली वाकला आणि आतूनच ओरडला, "आई, कुठे ठेवलीस गं?"

जिन्यावर पावलं वाजली. मावशी दारात उभी होती, छत्री तिच्याच हातात. दादा पलंगाखालून गुडघ्यांवरच बाहेर आला आणि डबीकडे बघायला लागला.

तिने दोघांसमोर छत्री कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

"शोधा," ती म्हणाली. "सापडल्याशिवाय या घरातून कोणी जायचं नाही."